पुलावरच्या राक्षसाने मला सदुसष्ट वेळा मारलं

माझ्या नातीचं मनगट मोडलं आणि मी व्हिडिओ गेमची समीक्षक झाले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या, आणि दोन्हींना कारण एकच: अधारतालच्या मेन रोडवर भर दुपारी आडवं पडलेलं एक कुत्रं. त्याला वाचवायला ती वळली आणि स्कूटी घसरली. कुत्रं म्हणे उठलं, आळस दिला आणि निघून गेलं.

उजव्या हाताला अंगठ्यासकट कोपरापर्यंत प्लास्टर घालून ती घरात आली आणि सोफ्यावर बसून रडायला लागली.

"दुखून राहिलं का गं?"

"दुखत नाही, आजी. पण आता मी खेळू कशी?"

वीस वर्षांची पोरगी, हात गळ्यात अडकवून आलेली, आणि रडून राहिली ती खेळण्यासाठी! मी तोंड उघडणारच होते. अशा वेळचे माझे संवाद तयार आहेत, पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या बापावर वापरून गुळगुळीत झालेले. पण तिने निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत सगळं प्रकरण सांगितलं आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

प्रकरण असं होतं. नागपूरच्या एका मराठी वेब-मासिकाला दर महिन्याला नव्या व्हिडिओ गेमवर लिहिणारं कोणीतरी हवं होतं. हिने अर्ज केला होता. तिथल्या संपादक बाईंनी तीन नमुन्याचे लेख मागितले: नुकतेच आलेले किंवा याच आठवड्यात येणारे तीन गेम, तिन्ही वेगळ्या जातीचे, येत्या रविवारी दुपारी बारापर्यंत. अट एवढीच की भाषेला घरच्या कोणाची मदत घेतली तरी चालेल, पण गेम खेळलेला हवा आणि मत स्वतःचं हवं. आणखी दोघं जण रांगेत होते. आणि माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, आधीच बजावलं होतं की हे जमलं तर ठीक, नाही तर जूनपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास, मग गेमचं नाव काढायचं नाही. लहानपणापासून या पोरीने जीव लावून केलेली एकच गोष्ट, आणि तिच्यासाठी उरले होते सहा दिवस आणि एक हात.

"मैत्रिणींना बोलव," मी म्हटलं.

"सगळ्यांच्या परीक्षा आहेत."

मग ती माझ्याकडे बघायला लागली. तोंडाकडे नाही, हातांकडे.

"आजी, तुझा उजवा हात रिकामाच असतो ना?"

आता या हाताबद्दल थोडं सांगायला पाहिजे. त्याने अठ्ठावीस वर्षं तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत तपासणीचं काम केलं. खमरियाच्या क्वार्टरमधून सकाळी निघायचं, आणि टेबलावर आलेल्या ट्रेमधला एकेक पितळी तुकडा मापाला लावून बघायचा. माप म्हणजे गेज. त्याला दोन तोंडं. एका तोंडात तुकडा गेला पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. इकडे गेला आणि तिकडे अडला, की पास. नाही तर रिजेक्ट. तिसरं काही नाही.

हे काम तरुण वयात लागलं आणि माझ्या डोक्यात गेलं. चोवीस-पंचविशीची मी, म्हणजे एक चालतंबोलतं गेजच होते. शेजारणीच्या पुरणपोळ्या रिजेक्ट. दोन स्थळं रिजेक्ट, एक चहा फुर्रकन प्यायचा म्हणून आणि दुसरा अजिबात आवाज न करता प्यायचा म्हणून. पुढे लग्न झाल्यावर भावाने माझ्या मुलासाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला, तर तो खोक्यातून बाहेर यायच्या आत मी रिजेक्ट केला. "डोळे जातात, डोकं जातं, अभ्यास जातो," असा निकाल दिला आणि खोका गव्हाच्या कोठीत पुरला. त्या गेममध्ये होतं काय, हे मी आजतागायत बघितलेलं नाही. क्वार्टरच्या बायका मागे मला रिजेक्टबाई म्हणायच्या. मला ते कळलं तेव्हा, खरं सांगते, अभिमान वाटला होता. किती मठ्ठ असावं माणसाने!

तर त्या रिजेक्टबाईचा उजवा हात नातीने मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून नऊला आपापल्या ऑफिसला गेले आणि आम्ही टीव्हीसमोर बसलो. खेळायला एक कंट्रोलर असतो, दोन्ही हातांनी धरायचा. डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा, उजव्याने मारायचं, उडवायचं, उचलायचं. नातीने तिच्या धडक्या हाताने डावी बाजू धरली, मी उजवी. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा. एका शरीराचा डावा हात वीस वर्षांचा आणि उजवा बहात्तर वर्षांचा. चालायची ती, मारायची मी.

पहिला गेम भुताचा. पडका बंगला, हातात कंदील, आणि आत कुठे तरी एक म्हातारी. पांढरे केस मोकळे, खोकत खोकत जिन्यावरून उतरते. ती दिसली की नात किंचाळायची आणि माणसाला पळवायची. मला काही वाटेना.

"आजी, डर नहीं लग रहा?"

"कशाचं? रोज सकाळी आरशात बघते मी."

"यार आजी, मूड खराब करू नको!"

पण मला खरंच राग आला होता. तीन तास खेळलो, बंगल्यातली प्रत्येक खोली बघितली, स्वयंपाकघरातली भांडी उघडून बघितली. आणि त्या म्हातारीने कोणाचं काय बिघडवलं होतं, ते कुठेही कळेना. ती नुसती म्हातारी होती, म्हणून भीतिदायक. मी म्हटलं, लिही. आवाज उत्तम आहे, अंधार उत्तम आहे, जिन्याची करकर तर अशी की आमच्या खमरियाच्या क्वार्टरचा जिना आठवला. पण भूत आळशीपणाने केलेलं आहे. केस पांढरे केले आणि खोकला लावला की झालं भूत? मग माझ्या भिशीतल्या अकराच्या अकरा भुतंच. घाबरवायचं तर कारण द्या. तिच्या हातून काही घडू द्या, नाही तर तिच्यावर काही घडलेलं दाखवा.

नात बघत राहिली. "आजी, ये तो सही पॉइंट है."

"मग लिही ना."

"तू लिही. मी बोलते."

कारण तिचं मराठी म्हणजे कळतं सगळं, वळतं थोडं. राज्यं नव्याने आखली तेव्हा नागपूर तिकडे मराठी राज्यात गेलं आणि आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. माझे वडील म्हणायचे, रेघ काय आपल्याला विचारून मारली? घरात मराठी राहिली, पण उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी. तिसऱ्या पिढीपर्यंत येता येता घरही अर्धं बाहेरचं झालं. म्हणून ती बोलायची, मी वहीत उतरवायची, मग ती डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाईलवर टाइप करायची. मधे मधे मी माझं घुसडायची. ती पकडायची. "हे मी नाही बोलली." "बोलली नाहीस, पण बोलायला पाहिजे होतं." पाच मिनिटं भांडण, मग दोघींना पटेल ते तिसरंच काहीतरी.

लेखाच्या शेवटी ती म्हणाली, "दस में से साडेसात."

"म्हणजे काय?"

"मार्क. सगळे देतात. दहापैकी."

"साडेसात म्हणजे पास का रिजेक्ट?"

"मधलं."

"मधलं काही नसतं, बाई. आमच्याकडे साडेसात फुटणारा गोळा चालत नव्हता."

ती इतकी हसली की प्लास्टरमधला हात पोटाशी धरून बसली. मार्क मात्र तिने दिलेच. आणि आता विचार करते तर तिचं बरोबर होतं. गोळ्याला मधलं नसतं, गोष्टीला असतं. मला हे पंचविशीत कळलं असतं तर त्या फुर्रकन चहा पिणाऱ्याला निदान सहा दिले असते.

दुसरा गेम शेतीचा. यात मी फसले, सरळ कबूल करते. एक लहानसं शेत, एक गाय, एक विहीर. बी टाकायचं, पाणी द्यायचं, चार दिवसांत पीक. मी पहिल्या तासाला नुसती खिदळत होते. काटोलकडे माझ्या मामांची संत्र्याची बाग होती. कलम लावल्यापासून फळ धरेपर्यंत मामांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. इथे सोमवारी बी टाकलं की शुक्रवारी झाडाला संत्री लटकलेली. तण नाही, कीड नाही. गायीच्या डोक्यावरून हात फिरवला की ती दूध देते, आणि दूध आपोआप बाटलीत!

"हे शेत नाही, हा सरकारी जाहिरातीचा फलक आहे," मी म्हटलं. "रिजेक्ट."

आणि म्हणता म्हणता भोपळ्यांना पाणी दिलं. मग वांग्यांना. मग गावातल्या एका एकट्या सुताराला रोज एक संत्रं नेऊन द्यायचं असतं, म्हणजे तो बोलायला लागतो, ते केलं. मग नात म्हणाली, आजी, वास येतोय. भात करपला होता. कुकर तीन शिट्ट्यांवर बंद करायचा, तो किती शिट्ट्यांवर गेला हे दोघींनाही ऐकू आलं नव्हतं. मी गायीला अंघोळ घालत होते.

"आजी, रिजेक्ट म्हणाली होतीस ना?"

"हो. पण उद्या टोमॅटो तयार होणार आहेत, ते काढून मग रिजेक्ट करू."

त्या गेमवर आम्ही जे लिहिलं ते मला अजून आवडतं. त्यातली शेती खोटी आहे, पण शेजार खरा आहे. पीक चार दिवसांत येतं, पण सुतार बोलायला दोन ऋतू लागतात. ज्याने हा गेम केला त्याला माती ठाऊक नसेल, माणसं ठाऊक आहेत. हे वाक्य तिचं, हां. मी फक्त 'मिट्टी'ची 'माती' केली.

करपलेला भात खाताना मुलगा म्हणाला, "आई, तू पण?" मी म्हटलं, "मी तिची नोकर आहे सध्या, माझ्याशी बोलू नकोस."

आता तिसरा. तो शुक्रवारी आला, म्हणजे जगातच त्या दिवशी आला. तलवारीचा. धुकं, डोंगर, पडके दरवाजे, आणि दुपारच्या आत आम्ही एका लांब दगडी पुलाजवळ पोचलो. पुलाच्या मधोमध एक राक्षस बसलेला. आम्ही जवळ गेलो. तो उठला. आम्ही मेलो.

परत. मेलो. परत. मेलो. तो खांबाएवढी गदा फिरवायचा. ती येताना बरोबर क्षणी माझ्या अंगठ्याने लोळण घ्यायचं बटण दाबायचं होतं. माझा अंगठा दर वेळी मेल्यावर पोचायचा.

"आजी, दबा! दबा!"

"दाबलं ना!"

"मरने के बाद दबाया!"

"दाबलं तर खरं!"

वीस वेळा मेल्यावर मी कंट्रोलर सोडला आणि निकाल दिला. "माल खराब आहे. रिजेक्ट."

"माल खराब नाही, आजी," नात शांतपणे म्हणाली. "तू खराब आहे."

माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून! मी उठून आत गेले, खोव्याच्या जलेब्या होत्या, त्यातल्या दोन एकटीने खाल्ल्या, तिला दिल्या नाहीत. मग हात धुऊन परत आले, कारण राक्षस डोळ्यांसमोरून जाईना. आणि आता मी खेळायचं सोडून बघायला लागले, फॅक्टरीत बघायचे तसं. तिला म्हटलं, तू नुसती उभी राहा, त्याला मारू दे आपल्याला. ती म्हणाली, पागल आहेस का? पण उभी राहिली. दहा-बारा वेळा मुद्दाम मेलो. तेव्हा दिसलं. गदा उचलायच्या आधी त्याचा डावा खांदा किंचित वर जायचा, दर वेळी, न चुकता. म्हणजे तो सांगून मारत होता. ऐकत आम्ही नव्हतो.

"प्रामाणिक आहे गं हा," मी म्हटलं. "लबाडी नाही करून राहिला."

"वही तो! चांगल्या गेममध्ये मेलं तर समजतं की गलती आपली आहे."

तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, हिला हे काम खरंच येतं. आवड असणं वेगळं आणि येणं वेगळं.

पण कळणं आणि अंगठा पोचणं यातही अंतर असतं. शनिवारी दिवसभर खेळलो. त्याचं निम्मं बळ संपायचं आणि आम्ही मरायचो. एकदा तर त्याचं बोटभरच उरलं होतं, आणि मी आनंदाने उठून उभी राहिले, कंट्रोलर तिच्या हातातून सुटला, मेलो. तिने कंट्रोलर उचलून डावी बाजू परत धरली. सदुसष्ट झाले तेव्हा मुलगा-सून बाजारातून परत आले आणि आम्ही टीव्ही बंद केला.

रविवारी सकाळी बाराला अडीच तास होते. दोन लेख तयार होते. तिसऱ्यात पुलापर्यंतचं लिहून झालं होतं. नात अंघोळीला गेली होती आणि मी तिचा मोबाईल घेऊन बसले. लोकांनी दोन दिवसांत त्या गेमवर ढीगभर लिहून ठेवलं होतं. पुलापलीकडे एक राजवाडा आहे, सोन्याचे कळस आहेत, तिथे एक राणी आहे, सगळं दिलेलं. मी वही ओढली आणि काय सांगू, हात असा चालला! 'पूल ओलांडताच धुकं विरतं आणि सुवर्णकळसांनी मंडित असा तो राजप्रासाद डोळे दिपवून टाकतो.' सुवर्णकळसांनी मंडित! कुठून आलं हे मराठी, देव जाणे. दीड पान लिहिलं. राणीच्या स्वभावाचे दोष काढले. शेवट थोडा लांबला आहे, असाही ठपका ठेवला.

नात केस पुसत आली. मी वाचून दाखवलं. ती उभ्यानेच ऐकत होती.

"मस्त आहे," ती म्हणाली. "पण आपण तिथे गेलोच नाही, आजी."

"कोणाला कळतं? बारा वाजता लेख घेणं बंद होईल. त्या बाकीच्या दोघांनी शेवटपर्यंत लिहिलं असेल. तुझा अर्धाच लेख गेला तर घेतील का तुला? क्लासला बसशील मग."

"मला माहीत आहे." ती सोफ्यावर बसली. "पण तूच तर सांगते ना नेहमी. ठप्प्याची गोष्ट."

झालं. ही गोष्ट मी तिला ती पाच वर्षांची असल्यापासून सांगत आले आहे. आमच्या प्रत्येकीकडे आपल्या नंबरचा एक ठप्पा असायचा. तुकडा पास झाला की त्यावर तो ठेवून बारीक हातोडी मारायची, ठक. म्हणजे हा मी बघितला. तर गोष्ट अशी, की एकदा साहेब म्हणाले, घाई आहे, मार ठप्पे पटापट. आणि मी तेवीस वर्षांची पोरगी ताठ उभी राहून म्हणाले, बघितल्याशिवाय माझा ठप्पा बसणार नाही. साहेब खजील झाले. गोष्ट संपली. आमच्या घरात खोटं बोलताना कोणी सापडलं की ही गोष्ट निघते.

मी वहीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"ती गोष्ट तशी नाही झाली," मी म्हटलं.

"मतलब?"

"मी मारले होते ठप्पे. न बघता."

टॉवेल तिच्या हातातच राहिला.

मग सांगावंच लागलं. गणपतीचे दिवस होते. चेरीतालला मराठी मंडळींचं नाटक होतं आणि त्यात मला शेजारणीचं काम होतं, चार वाक्यांचं. चार वाक्यांसाठी मी महिनाभर हवेत होते. त्या दिवशी सुटायच्या वेळेला माझ्या टेबलावर चाळीस तुकड्यांचा एक ट्रे उरला होता, आणि बस चुकली तर तोंडाला रंग लावायला वेळ मिळणार नव्हता. मी गेज बाजूला ठेवलं आणि ठक ठक ठक ठक, चाळीस ठप्पे मारून पळाले. कोणी घाई केली नव्हती. साहेब तर तिथे नव्हतेच.

नाटकात मी चारही वाक्यं विसरले. आतून सांगणाऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, माझ्यापर्यंत आला नाही. माझ्या कानात नुसतं ठक ठक चाललं होतं. लोकांना वाटलं, शेजारीण बहिरी दाखवली आहे. कोणीतरी अभिनयाचं कौतुकही केलं.

सकाळी गेले तर तो ट्रे माझ्याच टेबलावर. साहेब आदल्या दिवशी पलीकडच्या खोलीत होते, म्हातारे, हळू बोलणारे. त्यांना दिसलं काहीच नव्हतं, ऐकू आलं होतं. दोन ठकांच्या मधे गेज लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढी शांतता असते. त्या दिवशी ती नव्हती. ते एवढंच म्हणाले, "बेटी, ठप्पा तो लग गया. देखा किसने?"

मी चाळीसच्या चाळीस परत तपासले. सगळे चांगले निघाले. हेच तर वाईट झालं. एखादा खराब निघाला असता तर रडता तरी आलं असतं. साहेबांनी कोणाला सांगितलं नाही. आणि साक्षीदारच नाही म्हटल्यावर पुढे मी गोष्ट उलटी करून सांगायला मोकळी झाले.

नात माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, गेली आपली अब्रू. आणि ती हसायला लागली. सोफ्यावर आडवी होऊन, ओले केस उशीवर पसरून.

"म्हणजे पंधरा साल से तू मुझे झूठ सुना रही है?"

"पंधरा नाही. तुझ्या बापाला धरलं तर चाळीस."

"पापाला सांगू?"

"सांगून तर बघ. गायीला अंघोळ घालायला येणार नाही मी."

हसून झाल्यावर तिने वही माझ्या हातातून घेतली आणि ते दीड पान फाडलं. डाव्या हाताने, त्यामुळे वाकडंतिकडं फाटलं. "आजी, मी बोलते, तू लिही. और एक भी शब्द घुसाना मत." बँकेचा क्लास तिलाही दिसत होताच. पण ती बोलली आणि मी एकही शब्द न घुसडता लिहिलं:

'आम्ही पुलापर्यंत गेलो. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून तो माझ्या आजीने खेळला. पुलावर आम्ही सदुसष्ट वेळा मेलो आणि प्रत्येक वेळी चूक आमची होती. पलीकडे काय आहे ते आम्ही बघितलेलं नाही, म्हणून त्यावर आमचं मत नाही. पण अडुसष्टाव्यांदा जावंसं वाटतं. हे मत पक्कं आहे.'

"मार्क?" मी विचारलं.

"पुलापर्यंतचे नऊ. पुढचे माहीत नाही."

बाराला दहा मिनिटं असताना ते गेलं. मग आम्ही दोघींनी उरलेली जलेबी खाल्ली आणि मी तिला सांगितलं की आधीच्या दोन मी चोरून खाल्ल्या होत्या. त्या दिवशी मला खरं बोलायचा चस्काच लागला होता.

बुधवारी दुपारी संपादक बाईंचा फोन आला. नातीने स्पीकर चालू केला आणि माझा हात असा दाबून धरला की ते राक्षसालाही जमलं नसतं.

"तिसरा लेख मी आधी बाजूला ठेवला होता," बाई म्हणाल्या. "अर्धवट म्हणून. बाकीच्या दोघांनी राजवाड्याबद्दल लिहिलंय. इतकं सारखं लिहिलंय की मला शंका आली. मग तुमचा परत वाचला. राजवाडा मला त्यांच्या लेखात दिसला नाही. पण पूल दिसला मला, तुमच्यात."

मी नातीला कोपर मारलं.

"थँक यू, मॅडम," ती म्हणाली. "मी... मैं खूप... म्हणजे मला चांगलं वाटून राहिलं."

"सहा महिने लिहून बघू. आणि एक विचारू? भुताच्या लेखात मधेच एका म्हातारीची बाजू घेऊन कोणीतरी फार चिडलंय. ते कोण?"

"ती माझी उजवी बाजू आहे," नात म्हणाली.

मुलाला रात्रीच्या जेवणाला कळलं. तो आधी भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मग तो क्लासचा फॉर्म राहू दे सध्या." आणि ताटावरून उठता उठता, जसं काही सहज: "तो शेतीवाला कसा असतो?" मी त्याला सुतारापर्यंत नेऊन सोडलं. हल्ली रोज संध्याकाळी त्याची संत्री पोचवायची वेळ असते. कोठीत पुरलेल्या त्या खोक्याचं एवढं तरी देणं लागत होते मी.

महिन्याने प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पांढराफटक. घरी आल्या आल्या तिने टीव्ही लावला, एकटीने कंट्रोलर धरला आणि पुलावर गेली. डावा खांदा वर, लोळण. डावा खांदा वर, लोळण. दुसऱ्या खेपेला राक्षस आडवा! मी टाळ्या वाजवायला पाहिजे होत्या, पण खरं सांगते, मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"एवढाच होता का हा?" मी म्हटलं. "माझ्या सदुसष्ट मरणांचं काय मग?"

"तूच तर खांदा शोधला ना, आजी. चल, आता बघ."

आम्ही पूल ओलांडला. धुकं विरलं, ते लोकांनी लिहिलं होतं तसंच. लांब डोंगरावर सोन्याचे कळस चमकत होते, तेही तसंच. पण पूल जिथे संपतो तिथे, वाटेच्या कडेला, एका दगडाआड एक म्हातारा शेकोटीवर हंडी ठेवून बसलेला होता. त्याच्याबद्दल कोणीच काही लिहिलं नव्हतं. सगळे धावत राजवाड्याकडे गेले असणार.

"बटण दाबून बघ," मी म्हटलं.

नातीने दाबलं. आमचा माणूस तलवार बाजूला ठेवून म्हाताऱ्याशेजारी बसला. हंडीतून वाफ निघत होती, लाकडं तडतडत होती. नातीने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझी वही ओढून घेतली. उजव्या हाताने, गिचमिड अक्षरात, तिने स्वतः मराठीत लिहायला सुरुवात केली.

"पुढे नाही जायचं?" मी विचारलं.

"रुक ना. आधी हे नीट बघू दे."

म्हणून मीही बघत बसले. म्हाताऱ्याने हंडीत पळी फिरवली, चव घेतली, मान डोलावली.

"लिही," मी तिला म्हटलं. "त्यात मीठ नाही टाकलं त्याने. मी बघून राहिले कधीची."